जॉर्ज आणि पिरीच्या मधोमध

सोमवार, १६ सप्टेंबर १९७४

एल्स्पेट पिरीला मुलगा झाला! पहाटे. माझ्याकडे घरकाम करणारी बेला बातमी घेऊन स्वयंपाकघरात शिरली ती माझी लापशी करपेपर्यंत बोलतच राहिली. बाळ लाल आहे, दांडगं आहे, रडणं पार धक्क्यापर्यंत ऐकू जातं. "तुमच्यावर गेलंय, पाळकबाई," म्हणाली. "गळा आहे पोराला!"

मग एकदम गप्प झाली आणि करपलेलं भांडं खरवडायला लागली.

का गप्प झाली, ते मला ठाऊक आहे. या किनाऱ्यावरची जुनी रीत — नव्या पाळकाच्या हातून ज्या मुलाचा पहिला बाप्तिस्मा होतो, त्याचं मधलं नाव त्या पाळकाचं. पहिलं नाव आजोबांचं, शेवटचं घराण्याचं, मधलं पाळकाचं. माझ्या आधीचे पाळक वारले, पण त्यांचं नाव अजून बंदरात बसून जाळी विणतंय — अँड्र्यू लॉरिमर पिरी. त्यांच्याही आधीच्यांचं नाव टपाल वाटतं. अर्धं पोर्टगार्वी पिरी आहे, उरलेलं फ्लेट. जॉर्ज पिरी म्हणून हाक मारली तर गल्लीभर माना वळतात. इथं माणूस ओळखला जातो तो मधल्या नावानं.

मी वसंतात आले. त्यानंतर गावात एकच मूल जन्मलं, आणि बाप्तिस्म्यासाठी त्याला आईबाप आजोळी घेऊन गेले. मला वाटलं, आजी अंथरुणाला खिळली असेल. मी तिच्यासाठी भर चर्चमध्ये प्रार्थना केली! ती आजी चांगली ठणठणीत निघाली.

तर आता एल्स्पेटचा मुलगा. इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही — मला हे हवंय. मला मूलबाळ नाही. या व्यासपीठावर उभी राहिलेली मी पहिली बाई. माझं नाव या गल्ल्यांमधून गुडघे फोडत पळावं, असं मला वाटतं. हा गर्व आहे का? असेल. गर्वावर मी तीन उत्तम प्रवचनं दिली आहेत, त्यामुळे ओळखते त्याला.

बुधवार, १८ सप्टेंबर

बाळाला पाहून आले. रिवाजाप्रमाणे मुठीत चांदीचं नाणं ठेवलं. असं धरलं पठ्ठ्यानं, की सुटेना! "तांडेल होणार," त्याचे आजोबा, डॉड पिरी, दारातूनच म्हणाले. "सापडलं ते सोडत नाही." डॉड म्हणजे जॉर्जच; इथं सगळे जॉर्ज लाडानं डॉड होतात. बोटीचे तांडेल, चर्चच्या पंचांपैकी एक, आणि गावातला सगळ्यात जुना आडमुठा माणूस. एल्स्पेटचा नवरा जेमी त्यांच्याच बोटीवर असतो. बापासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

बाळाला सगळे नुसतं 'हा' म्हणतात. बाप्तिस्म्याआधी नाव उच्चारायचं नाही! पहिलं नाव जॉर्ज, हे मांजरालासुद्धा माहीत आहे, तरी म्हणायचं नाही.

सासरे गेल्यावर एल्स्पेट म्हणाली, "पहिलं नाव ठरलेलंच असतं, पाळकबाई. शेवटचंही ठरलेलं. माझी म्हणून एवढीशी मधली जागा. तिथं आईच्या माहेरचं आडनाव घालतात." थांबली. "एरवी."

एरवी! म्हणजे माझं नाव आत आलं तर तिच्या माहेरचं बाहेर. ती फ्लेट आहे. हे मी विचारातच घेतलं नव्हतं.

"मग फ्लेट घालणार?" मी विचारलं.

"जॉर्ज फ्लेट —" म्हणता म्हणता जीभ चावली तिनं. "मी सासऱ्यांबद्दल बोलतेय हां, याच्याबद्दल नाही. जॉर्ज फ्लेट पिरी. कसं वाटतं? हातातनं बशी पडल्यासारखं. फ्लेट!" आणि हसली. टाके दुखले म्हणून पोट धरून हसली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज मला कळलं. इतके महिने मी कशी आंधळी राहिले!

माझ्या नियुक्तीच्या दिवशी बाहेरून आलेल्या ज्येष्ठ पाळकांनी माझं पूर्ण नाव भरल्या चर्चमध्ये वाचलं — डोनाल्डिना रॉस. आणि गॅलरीत बसलेले सगळे पुरुष एकदम वाकले. एकजात! मला भरून आलं होतं. या रांगड्या माणसांची काय ही नम्रता, असं मी त्या दिवशी या वहीत लिहिलंय. मागची पानं उलटून पाहिलं. 'वाऱ्यानं गवत लवावं तसे' असंही लिहिलंय!

ते नमस्काराला वाकलेच नव्हते. बुटांच्या तळव्याचे खिळे चाचपायला वाकले होते. थंड लोखंड!

झालं असं — बेला धुरावर सुकवलेली मासळी निवडत होती, आणि मी विचारलं की गावात मला कुणी मिस रॉस म्हणून का हाक मारत नाही, जो तो पाळकबाईच म्हणतो. बेलाचा हात थेट चुलीच्या चिमट्यावर गेला.

"ते नाव घेऊ नये," म्हणाली.

"कुठलं नाव?"

"तुम्ही आत्ता घेतलंत ते."

"माझं नाव?"

"बोटीवर डुक्कर म्हणायचं नाही. ससा म्हणायचं नाही. पाळक म्हणायचं नाही, काळा कोट म्हणायचं. आणि ते आडनाव तर नाहीच नाही. माझ्या सासऱ्यांच्या बोटीवर एकानं चुकून म्हटलं, तर अख्खा दिवस जाळं वर आलं ते शेवाळ घेऊन. कुणी म्हटलंच, तर ओरडायचं 'थंड लोखंड' आणि मिळेल त्या लोखंडाला शिवायचं. किंवा थुंकायचं."

"का पण? रॉस नावानं केलं काय कुणाचं?"

चिमटा पुन्हा धरला तिनं. "का ते कुणाला ठाऊक! समुद्राला खपत नाही."

मी पाळक. मी बाई — बोटीकडे निघालेल्या माणसाला बाई आडवी गेली तर तो घरी परततो. आणि वर रॉस! तिहेरी अपशकुन चालतोय गावातून, छत्री घेऊन. आणि तरी या लोकांनी मत देऊन मला निवडलं. बेलाला तेही विचारलं.

"तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत येतो ना," म्हणाली. "लॉरिमरसाहेब पुटपुटायचे."

रविवार, २२ सप्टेंबर

आज मी बोलले! टिपणं बाजूला सारली आणि बोलले. शब्दाला भिणारा माणूस देवाला काय भिणार? लोखंडाच्या खिळ्यात तुमचा तारणारा बसलाय का? प्राचीन ग्रीकांपासून आजच्या जहाजी विम्यापर्यंत सगळं काढलं. नाव म्हणजे वारा, ओठांतून आला, विरून गेला — त्यानं बोट बुडत नाही! कुणी खोकलं नाही. आवाज छपराच्या तुळईला लागून परत येत होता. इतकं चांगलं मी याआधी बोललेले नाही, हे कुणी म्हणण्याआधी मीच म्हणते.

दारात डॉड पिरींनी हात हातात घेतला. "जबरदस्त, पाळकबाई. मधेच मला वाटलं वारा सुटला."

"मग पटलं?"

"चर्चमध्ये पटलं," म्हणाले. "बोटीवर पटत नाही. तिथं हलतं ना सगळं."

मंगळवार, २४ सप्टेंबर

पाऊस. शाळेतली मुलं मला पाहून कुंपणाच्या लोखंडी गजांना हात लावत गेली. खिदळत. एकीनं दोन्ही हात लावले, जादा सुरक्षेसाठी.

शनिवार, २८ सप्टेंबर

डॉड आले होते. हॅडॉक मासळीची माळ घेऊन, टोपी हातात, केसांना पाणी लावून — म्हणजे काम मोठं. बसले. चहा घेतला, ओटची भाकरी खाल्ली, हवेबद्दल बोलून झालं. मग म्हणाले, "रीत मोडायची नाही आम्हाला."

मी आणखी चहा ओतला. बोलणाऱ्या माणसानं कधी गप्प बसावं, तेही मला येतं.

"पण ते... नाव. ते माझ्या नातवाच्या गळ्यात बांधलं तर त्याला बोटीवर हाक कशी मारायची? हजेरीला तांडेल तिन्ही नावं वाचतो. वाचायचं आणि थुंकायचं? रोज?"

"जॉर्ज म्हणा नुसतं."

"आमच्या बोटीवर आत्ताच तीन जॉर्ज आहेत, बाई! मधल्यानंच चालतं सगळं." मग पुढं सरकले. डोळ्यांत चमक. "मी तोडगा काढलाय. तुमचं पहिलं नाव घेऊ. डोनाल्डिना. फक्त मागची ती शेपटी काढायची. डोनाल्ड! जॉर्ज डोनाल्ड पिरी. ऐका तर कसं वाटतं! रीतही राहिली, समुद्रही खूश, पोरगंही पुरुषासारखं."

मला काय झालं सांगता येत नाही. मी उभी राहिले. "मिस्टर पिरी," मी म्हणाले, "डोनाल्ड रॉस माझे आजोबा होते." डॉडचा हात बुटाकडे गेला. मी थांबले नाही. "घोड्यांची दलाली करायचे, आणि रविवार सोडून सगळे दिवस झिंगलेले असायचे. घराला डोनाल्ड हवा होता, झाले मी. म्हणून त्यांच्या नावाला शेपटी लावून मला दिलं — आमच्या डोंगराळ भागात असंच करतात, मुलगा हवा असताना मुलगी झाली की. चाळीस वर्षं मी ती शेपटी मिरवतेय! विद्यापीठात मिरवली, परीक्षेत पहिली आले तेव्हा मिरवली, तुमच्या व्यासपीठावर चढले तेव्हा मिरवली. माझं असं त्या नावात काही असेल तर ती शेपटीच आहे! ती कापलीत तर उरतो तो एक दारुडा. त्यानं कुणाचा बाप्तिस्मा केलाय?"

डॉडनी टोपी फिरवली, एकदा, दोनदा.

"मग जॉर्ज डोनाल्डिना ठेवू म्हणता?" विचारलं. अगदी मनापासून. माणूस घाबरला होता!

मला हसू आलं. त्यांनाही. पण ठरलं काहीच नाही. हॅडॉक मात्र ठेवून गेले.

रविवार, २९ सप्टेंबर

क्षमा या विषयावर बोलले. बेताचं झालं.

बुधवार, २ ऑक्टोबर

बेलानं आज मला उताणी पाडली. पिठाचे हात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाळकबाई, एक विचारू? नावात काही नसतं, वारा असतो, असं तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग त्या पोराचं नाव काही का ठेवेनात! तुमचं नाही ठेवलं तर नाही ठेवलं. वाराच ना?"

आणि गेली मळायला.

वाद घालण्यात मला हरवणारी माणसं मोजकी. सभागृहात मोठमोठ्या पंडितांना मी निरुत्तर केलंय. आणि आज माझ्याच स्वयंपाकघरात! खरंच — नावात काही नसेल तर मला ते इतकं का हवंय? आणि नावात काही असेल, मला हवं इतकं असेल, तर मग समुद्राला नको इतकंही असू शकतं. दोन्ही एकदम म्हणता येत नाही. शास्त्रात देव स्वतः माणसांची नावं बदलतो. वाऱ्यासाठी कोण एवढे कष्ट घेईल?

खिडकीशी बसून नावं मोठ्यानं म्हणून पाहिली. जॉर्ज डोनाल्ड पिरी — बाकावर दोन म्हातारे. जॉर्ज फ्लेट पिरी — खरंच बशी पडते. जॉर्ज रॉस पिरी — ज आणि रफार दाटून येतात, मग रॉस मोकळं सुटतं, आणि पिरी वाळूत विरतं. लाट येते आणि परत जाते तसं. मला कान आहे. आयुष्यभर वाक्यं कानानंच तोललीत. त्या मुलाला शोभणारं मधलं नाव कुठलं, यात मला काडीचीही शंका नाही. आणि नेमकं तेच सांगायचा अधिकार मला नाही.

ती जागा एल्स्पेटची आहे. एवढीशी, पण तिची.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

गेले एल्स्पेटकडे. परसात लंगोट वाळत घालत होती, चिमटे तोंडात. बाळ टोपलीत, वाऱ्याकडे पाठ करून. मी वाटेत तयार केलेलं सगळं बोलले — रीत माणसासाठी असते, मी तुम्हाला या रीतीतून मोकळं करते, तुझ्या माहेरचं नाव घाल, मला वाईट वाटणार नाही. शेवटचं वाक्य खोटं होतं, पण आवाज चांगला लागला.

तिनं चिमटा काढला. "मी तुम्हाला विचारलं का?"

"नाही."

"मग मोकळं कशाला करता? मी बांधलेली नाहीच." दुसरा चिमटा. "मी कानानं ठरवतेय. जेवायला हाक मारायची आहे ना मला याला, पुढची पंधरा वर्षं? मागच्या दारातनं, वाऱ्याच्या तोंडावर? ज्या नावाची हाक बंदराला पोचेल, ते ठेवणार."

"मारून पाहिलीस?"

"नाव घ्यायचं नाही ना आत्ता."

"सासऱ्यांना हाक मार. त्यांचंच तर आहे."

तिचे डोळे असे चमकले! कमरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली आणि — "जॉर्ज फ्लेट पिरी!" समुद्रपक्षी उडाले. "जॉर्ज डोनाल्ड पिरी!" मग माझ्याकडे एकदा पाहिलं, कपड्याच्या लोखंडी खांबाला एका बोटानं शिवली, आणि — "जॉर्ज रॉऽऽऽस पिरी!"

काय लांबलं ते! शेवटपर्यंत गेलं. खालच्या गल्लीतून डॉडचा आवाज आला, चिडलेला, "काय आहे गं? काय ओरडतेस? मी इथं आहे!"

आम्ही दोघी टोपलीजवळ बसून हसलो, डोळ्यांत पाणी येईतो. मग तिनं बाळाच्या तोंडावरची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "जाते तशी हाक लांब." मग उरलेले लंगोट वाळत घालायला उठली. 

गुरुवार, १० ऑक्टोबर

वादळ, दोन दिवस. बोटी उशिरा आल्या, पण आल्या. सगळ्या.

बायका धक्क्यावर होत्या. मी तिथं जाऊ नये, हे मला माहीत आहे; चर्चच्या भिंतीआडून पाहत होते. एल्स्पेट बाळाला शालीत बांधून टोकाला उभी होती, बुडालेल्यांच्या नावांच्या दगडापाशी. त्या दगडावर पिरी आहेत, पण फ्लेटच जास्त. तिचे वडील त्यावर आहेत. तिचा भाऊ जोसेफ त्यांच्या खालीच आहे, अक्षरं अजून काळीकुळकुळीत. तिनं दगडाकडे पाहिलं नाही. वाऱ्याला आडोसा हवा म्हणून पाठ टेकून उभी होती, बस्स.

बोटीचे दिवे दिसले तेव्हा बेला माझी बाही ओढत म्हणाली, "चला, सूप करू. माणसं भुकेली असतील." रात्री उशिरापर्यंत धुरावर सुकवलेल्या हॅडॉकचं सूप ढवळत होतो.

जेमी आला होता निरोप घेऊन. ओला, दमलेला. "वीस तारखेचा रविवार," म्हणाला. "बाप्तिस्म्याचा."

"आणि नाव?"

"तिनं सांगितलंय मला," म्हणाला, आणि इतका लाल झाला की मी पुढं विचारलं नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

उद्या. प्रवचन लिहून झालं. पाण्याचं भांडं बेलानं तीनदा घासलं.

काहीही असो, मी ते स्पष्ट म्हणेन. बशी पडली तरी अशी पडेल की खणखणीत ऐकू जावी.

रविवार, २० ऑक्टोबर

सगळं लिहिते. क्रमानं.

चर्च गच्च. इतकी माणसं नाताळला जमतात, असं मी नुसतं ऐकून आहे. पिरी सगळे, फ्लेट सगळे, शेजारच्या बंदरावरचेसुद्धा. बाप्तिस्म्यासाठी नव्हे, काय होतं ते बघायला! गॅलरीत पुरुष, सगळे लोखंडी खिळ्यांच्या बुटांत. रविवारी ते बूट कुणी घालत नाही. मी व्यासपीठावरून पाहिलं आणि समजले. मनात म्हटलं, या. या तर खरे!

डॉड पंचांच्या बाकावर, मानेला खळीची कॉलर, ताठ. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

जेमीनं बाळ हातात घेतलं. मी विधीप्रमाणे विचारलं, या मुलाचं नाव काय? जेमीनं घसा साफ केला. बापाकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. आणि म्हणाला — पुटपुटला नाही, म्हणाला — "जॉर्ज रॉस."

पाणी हातात होतं माझ्या. थंड. मी बोलायला लागले आणि मला वाटलं आवाज फुटेल. इतक्या सभा गाजवल्या, कधी फुटला नव्हता. नाही फुटला. "जॉर्ज रॉस पिरी" — छपरापर्यंत गेलं, तुळईला लागून परत आलं. बाळानं डोळे उघडले, रडलं नाही. माझा अंगठा धरला. त्या नाण्यासारखा!

आणि गॅलरीतून तो आवाज. बाक करकरले. सगळे वाकायला लागले.

डॉड वाकले नाहीत.

पंचांच्या बाकावर डोलकाठीसारखे सरळ बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं पांढरी पडलेली. गॅलरीतल्यांनी ते अर्ध्या वाटेत पाहिलं. तांडेल वाकत नाही, मग आपण कसे वाकणार? आणि वाकलो नाही तर? चर्चभर पुरुष अर्धे वाकलेले, तसेच थांबलेले, ना खाली ना वर! हळूहळू एकेक जण सरळ झाला. कुणी मोजा ओढल्याचा बहाणा केला. कुणी पुस्तक उचलल्याचा.

मग स्तोत्र झालं. तसं गायलेलं मी या गावात ऐकलेलं नाही.

दारात मी डॉडना म्हणाले, "तुम्ही खिळ्याला शिवला नाहीत."

"नाही शिवलो."

"प्रवचन पटलं म्हणायचं."

त्यांनी टोपी घातली. "प्रवचन नाही, बाई. सुनेनं सांगितलं. ते पटलं."

"काय सांगितलं?"

"तिला विचारा."

एल्स्पेटला गर्दीत गाठता आलं नाही. विचारायचं काय त्यात? तिनं ऐकलं, तिच्या कानाला पटलं, लांब जाणारं नाव तिनं निवडलं. बंदरातल्या जाळ्यांजवळ लॉरिमर बसतो, टपाल त्याच्याआधीचा वाटतो, आणि आता गल्लीतून रॉस पळेल. मी घरी आले आणि आरशासमोर उभी राहून माझंच आडनाव दोनदा म्हणाले. झकास आडनाव आहे!

गर्व आहे. असू दे आजच्या दिवस.

बुधवार, २३ ऑक्टोबर

बेलानं हाका मारून स्वयंपाकघरात बोलावलं. तिच्या रेडिओवर बोटींचं आपसांतलं बोलणं लागतं. गावातली प्रत्येक बाई भांडी घासताना ते ऐकत असते. खरखर, वारा, आणि डॉडचा आवाज.

दुसरा कुणी तांडेल विचारत होता, "काय डॉड, नातवाचं उरकलं? नाव काय ठेवलंत?"

"जॉर्ज," डॉड म्हणाले. "पिरी."

"ते कळलं रे! मधलं काय?"

नुसती खरखर. बेला चिमटा शोधत होती. मग डॉड म्हणाले, "मधलं त्या काळ्या कोटवाल्या बाईचं."

"अरे देवा! थंड लोखंड! थंड लोखंड!" एक, दोन, चार बोटींवरून, पार शेटलंड बेटांपर्यंत बहुतेक.

"शिवा, शिवा लेको," डॉडचा आवाज. "झालं शिवून? आता ऐका. पोरगा साडेनऊ पौंडांचा आहे. आणि ते नाव माझ्या घरातलं आहे. किनाऱ्यावर भेटा, तोंडभर म्हणून दाखवतो."

बेला रडली. मी नाही. मी फक्त रेडिओवर हात ठेवून उभी राहिले. त्याला लोखंडी जाळी आहे, हे नंतर लक्षात आलं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

एल्स्पेट आली होती, बाळाला घेऊन. मी तिचे आभार मानले, माझ्या नावाला मान दिलास म्हणून. ती गोंधळली. "मानाचं नाही हो, पाळकबाई," म्हणाली. "फ्लेट समुद्राला फार आवडतात. आधी बाबांना घेतलं, मग जोसेफला. मागूनही परत दिलं नाही. पण तुमचं नाव त्याला खपत नाही ना? याला तोंडात घेतलं तरी थुंकूनच टाकेल." बाळाच्या मुठीतून माझं बोट सोडवता सोडवता थांबली. "टाकेल ना?"

मी, जिनं त्या व्यासपीठावरून नावाला वारा म्हटलं, ती म्हणाले, "टाकेल."